साबणाची कैफियत

मनुष्यास कुत्रा चावला असता पहिला अर्धा तास तो मनुष्य स्वतःचा राहत नाही, हा खानदेशातील सार्वजनिक जीवनाचा अलिखित, परंतु लिखित कायद्यांहून अधिक कसोशीने पाळला जाणारा नियम आहे. ज्या क्षणी पोटरीत दात रुततात त्याच क्षणी ती पोटरी खासगी मालकीतून निघून सार्वजनिक मालमत्तेत जमा होते. तिच्यावर ओट्यावर बसलेल्या वृद्धांचा, पानटपरीवर उभ्या असलेल्या तरुणांचा आणि केवळ गर्दी दिसली म्हणून रिक्षा थांबवून उतरलेल्या परगावच्या इसमाचाही समान हक्क प्रस्थापित होतो, आणि ज्याची पोटरी त्याने ती पायजमा वर ओढून मागेल त्यास दाखवावी, एवढेच कर्तव्य त्याच्याकडे शिल्लक उरते.

चौकशी सुरू होते ती जखमेची नव्हे, कुत्र्याची. तो काळा होता की तांबडा, शेपूट वर होती की खाली, लाळ गळत होती किंवा कसे, त्याने भुंकून आगाऊ सूचना दिली होती की नोटीस न बजावताच एकतर्फी कारवाई केली, आणि मुख्य म्हणजे प्रथम आगळीक कोणाची, या मुद्द्यांवर जाबजबाब होतात. साक्षीदारांत कुत्र्याच्या बाजूचे लोकही असतात. ‘तो असा चावणारा नाही हो’, हे वाक्य ज्याच्या पायातून रक्त वाहत आहे त्यालाच ऐकवले जाते, आणि त्या बिचाऱ्याला आपण उगीचच एका सुस्वभावी प्राण्याच्या अब्रूस धक्का लावला असे वाटू लागते.

गेल्या वैशाखात जळगावच्या एका पेठेत हा सोहळा आम्ही आरंभापासून पाहिला. महसूल खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले एक अप्पा संध्याकाळचे दूध घेऊन येत असता त्यांच्या पायाला कुत्रा कडकडून चावला. अप्पांनी दुधाची पिशवी सांडू दिली नाही, हे त्यांच्या एकंदर स्वभावास धरूनच झाले. ते जवळच्या ओट्यावर टेकले, आणि समोरून अमळनेरकडच्या एका बाईंनी ‘काय व्हयनं अप्पा?’ असे विचारताच चार घरांची दारे एकदम उघडली. शेजारच्या काकूंनी वाटीभर तिखट आणून ‘याने विष जळतं’ असा निर्वाळा दिला. पानवाल्याने त्यावर हरकत घेऊन चुन्याचा आग्रह धरला. तिखटाने आग होते, चुन्याने विष ओढले जाते, असा त्याचा सिद्धांत होता आणि चुना त्याच्याजवळ तयारही होता. एका सद्गृहस्थांनी तांब्याचा पैसा बांधण्याची तजवीज सुचवली, पण तांब्याचा पैसा चलनातून केव्हाच गेला असल्यामुळे तो ठराव बारगळला. कोणी तंबाखू सुचवली, कोणी सात विहिरींत डोकावून येण्यास फर्मावले. तेव्हा आता पेठेत सात विहिरी उरल्या आहेत कोठे, यावर पोटचर्चा होऊन जुन्या विहिरी कोणी बुजवल्या, येथपर्यंत सभेची मजल गेली.

या गदारोळात अप्पांची नात, वय वर्षे बारा किंवा तेरा, मधूनच म्हणाली, ‘आजोबा, बाईंनी शाळेत सांगितलंय, आधी साबण लावून नळाखाली धुवायचं.’ सभा क्षणभर स्तब्ध झाली. मग काकू, अगदी मायेने, म्हणाल्या, ‘अगं पोरी, तो पाय आहे, ताट नाही धुवायला.’

आमच्या मते आजारापेक्षाही विचारणीय गोष्ट ती हीच. आपल्याकडे जो उपाय प्रतिष्ठित व्हावयाचा त्याला काही किमान पात्रता लागते. त्याला पथ्य असावे लागते, त्यात काहीतरी दुर्मिळ किंवा निदान झोंबणारे असावे लागते, आणि तो सांगणारा मनुष्य एक तर फार लांबचा किंवा फार म्हातारा असावा लागतो. साबणाजवळ यांपैकी एकही गुण नाही. तो मोरीत पडलेला असतो. त्याला कुळ नाही, मंत्र नाही, अमावास्या-पौर्णिमेचे बंधन नाही, आणि तो झोंबला तरी फारसा झोंबत नाही. ज्या प्रांतात वांग्याच्या भरितापासून शेवभाजीपर्यंत सर्व प्रश्नांवर तिखट हेच अंतिम उत्तर मानले जाते, त्या प्रांताने जखमेलाही भरिताचाच न्याय लावला तर त्यात नवल ते काय? नवल असेल तर एवढेच, की बिनखर्ची उपायाला आपल्याकडे कोणी वकील मिळत नाही.

वास्तविक या साबणाचा अधिकार मोठा आहे. रेबीजचा विषाणू हा लाळेतून जखमेत उतरतो खरा, परंतु उतरल्याबरोबर मेंदूवर चाल करून जात नाही. तो काही काळ जखमेच्या आसपासच्या स्नायूंत रेंगाळतो, मग मज्जातंतूची वाट धरतो आणि त्या वाटेने मजल दरमजल करीत मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा काही आठवडे किंवा काही महिने लागतात. चावा तोंडावर, मानेवर किंवा हातावर असेल तर मुक्काम जवळ असल्यामुळे मुदत कमी. या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे एक आवरण असते आणि साबणापुढे स्निग्धतेचे काय होते हे ज्याने तुपाची वाटी घासली आहे त्यास समजावून सांगण्याची जरूर नाही. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती पंधरा मिनिटे जखम धुवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. तिखट, चुना आणि तंबाखू यांनी विष जळत तर नाहीच. जखम मात्र चिघळते, आणि पंधरा मिनिटे जातात ती निराळीच.

आता ‘वाहते पाणी पंधरा मिनिटे’ हे शब्द ज्याने लिहिले तो पुरुष वैशाखात जळगाव-धुळ्यास आला नसावा. वाघूर धरण भरलेले असो वा तापीवरून धुळ्याची जलवाहिनी धडधडत असो, नळाला पाणी येण्याचा दिवस हा दोन्ही शहरांत पंचांगातल्या तिथीप्रमाणे लक्षात ठेवावा लागतो, आणि कुत्रा चावण्याआधी ती तिथी पाहत नाही. पाणी नसलेल्या दिवशी ज्या घरात पिंपातले पाणी तांब्याने मोजून दिले जाते, त्या घरात पायावर पंधरा मिनिटे पाण्याची धार धरणे म्हणजे जावयाच्या दिवाळसणापेक्षाही मोठा खर्च. तरीही तो करावा. पिंप रिकामे झाले तर शेजाऱ्याचे मागावे. जे शेजारी तिखट आणून देतात ते दोन तांबे पाणीही देतील, असा आमचा अनुभव नसला तरी विश्वास आहे.

या रोगाविषयी आमच्या पूर्वजांना भ्रम मुळीच नव्हता. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे विवेचन करताना, पाण्याच्या दर्शनाने किंवा नुसत्या आवाजाने जो रोगी भयभीत होतो त्याची आशा सोडावी, असा निकाल देऊन ठेवला आहे. आणि अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसन वगैरे सर्व सरंजाम हाती असूनही आधुनिक वैद्यकाला तो निकाल फिरवता आलेला नाही. लक्षणे दिसू लागल्यावर वाचलेले रोगी साऱ्या जगात अत्यल्प. म्हणजे ज्या रोगावर मागाहून काहीही चालत नाही, पण आधी साबण आणि सुई एवढे हमखास चालते, असा हा चमत्कारिक रोग आहे. आणि आमचा सर्व समाज ‘आधी’चा वेळ चर्चेत घालवून ‘मागाहून’च्या वेळी नवस बोलतो.

सुईचा इतिहास जुना आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस प्रथम टोचवली आणि तो जगला, इतकेच नव्हे तर पुढे पाश्चरांच्याच संस्थेत द्वारपाल म्हणून नोकरीस राहिला. हिंदुस्थानात पाश्चर संस्था निघाली ती १९०० साली कसौलीस आणि त्यानंतर १९०७ साली कुन्नूरला. अर्थात एक हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरावर आणि दुसरी निलगिरीवर, जणू काही कुत्रे चावतात ते फक्त थंड हवेच्या ठिकाणी. तेव्हा त्या काळी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या माणसाला लस हवी असल्यास त्याने भुसावळास गाडीत बसावे, वाटेत गाड्या बदलीत कालक्यापर्यंत जावे आणि तेथून डोंगर चढावा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. ज्यास जन्मात काशी घडली नाही त्यास कुत्र्याच्या कृपेने कसौली घडत असे. पुढे परळच्या हाफकिन संस्थेमुळे ही यात्रा आटोपशीर झाली.

कसौलीसच डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली तिने पुढे नव्वद-एक वर्षे या देशावर राज्य केले, आणि लोकस्मृतीत अजूनही तेच राज्य चालू आहे. बेंबीभोवती टोचायची ती चौदा इंजेक्शने! आमच्या पिढीत ज्याला ती घ्यावी लागली त्याला गावात लढाईवरून परतलेल्या शिपायाचा मान होता. तो सदरा वर करून पोट दाखवी, आणि पोरे श्वास रोखून पाहत. सरकारने ही लस २००४ साली बंद केली. आजची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून तयार होते आणि दंडाच्या त्वचेत, दोन्ही बाजूंस थेंबभर थेंबभर, अशी टोचली जाते की टोचून घेणारा ‘झालं?’ म्हणून विचारतो. परंतु हे वर्तमान ओट्यांपर्यंत अद्यापि पोहोचलेले नाही. तेथे चौदाचा आकडा कायम आहे. किंबहुना एका वृद्धांनी आम्हांस तो सोळा असल्याचे शपथेवर सांगितले. या आकड्याच्या धाकाने कित्येक धडधाकट पुरुष दवाखान्याची पायरी टाळून भगताकडे जातात, आणि भगत, त्याच्या धंद्यास अनुसरून, पोटाला हात लावीत नाही.

धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जळगावच्या सिव्हिललाही २०१८ पासून वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे. अशा कोणत्याही सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. तेथील केसपेपरच्या खिडकीवर मात्र पुन्हा एकदा तत्त्वज्ञानाचा प्रसंग ओढवतो. प्राणी पाळीव की भटका, असा रकाना असतो. ‘भटका, पण आमच्याच गल्लीतला’, असे उत्तर येते. मालक कोण? ‘मालक कोणी नाही, पण भाकरी सगळे घालतात.’ नाव आहे का? नाव असते, बहुधा ‘मोत्या’ किंवा ‘वाघ्या’, आणि ते सांगताना आवाजात अंमळ वात्सल्यही असते. शेपूट हालवीपर्यंत कुत्रा सर्व गल्लीचा आणि दात लावताच महानगरपालिकेचा, ही मालकी हक्काची पद्धत कोणत्याही दिवाणी कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. त्या बिचाऱ्या कारकुनाने दोन शब्दांच्या रकान्यात ती बसवायची कशी?

कुत्र्यांच्या बाजूने सांगायचे तर हद्दीचा विचार ते आपल्याहून काटेकोरपणे करतात. धुळे शहराची आखणी १८१८ नंतर खानदेशचे पहिले कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज यांनी केली आणि तेथील गल्ल्यांना आजही नुसते क्रमांक आहेत. परगावच्या मनुष्यास चार नंबरची गल्ली संपून पाच नंबरची कोठे सुरू झाली ते कळत नाही. चार नंबरच्या कुत्र्यास ते अंधारातही कळते, आणि रात्रीच्या खेळाहून मोटारसायकलने परतणाऱ्या नागरिकास तो आपल्या सरहद्दीपर्यंत धावत पोहोचवून देतो, तेथे पाच नंबरचा पुढचा ताबा घेण्यास उभाच असतो. जळगावात क्रमांकांऐवजी शनिपेठ, बळीराम पेठ, जोशी पेठ अशी नावे असल्यामुळे तेथील कुत्र्यांत थोडा अधिक मनमोकळेपणा आढळतो, असे आमचे एक धुळेकर स्नेही म्हणतात. जळगावकरांचे मत अर्थातच उलट आहे.

कुत्र्यांवरून माणसे आपसांत भांडण्याची परंपराही आजकालची नव्हे. १८३२ च्या जूनमध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याचे सत्र चालवले म्हणून मुंबईत पारशी मंडळींनी दंगा केला होता. हिंदू आणि मुसलमान त्यांना मिळाले आणि कोटातील साहेबांची पाव-पाण्याची रसद तोडली गेली. जे ऐक्य घडवायला पुढाऱ्यांना पुढे शतक पुरले नाही ते कुत्र्यांनी एका सकाळी घडवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री उचलण्याचा हुकूम ११ तारखेस दिला आणि २२ तारखेस त्यात दुरुस्ती करून, नसबंदी व लसीकरण झालेली निरोगी कुत्री जेथून उचलली तेथेच परत सोडावीत असे ठरवले, तेव्हा आमच्या ओट्यांवर वर्तमानपत्रे हाती घेऊन दोन तट पडले. श्वानपक्षाने दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांचा आणि तूप घेऊन कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवरायांचा दाखला दिला. प्रतिपक्ष म्हणाला, नामदेव कुत्र्याच्या मागे लागले होते. आमच्या मागे कुत्रा लागतो. ज्याच्याविषयी हा वाद चालला होता तो त्याच ओट्याखाली वर्तमानपत्राच्या सावलीत झोपला होता. गोव्यात यावर एवढी चर्चा न करता माणसे जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, वर्षानुवर्षे हजारो कुत्र्यांना लस टोचली आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू जवळपास शून्यावर आणले. परंतु गोवेकर पडले सुशेगाद. त्यांना वादाची आमच्याइतकी हौस नाही.

केवळ कुत्र्यावरच सारा आळ घेणे, तथापि, न्यायाचे नव्हे. मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस हेही या खात्यात आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत रात्री पाणी भरावयास गेलेल्या मजुरास कोल्हा चावला, तर ‘कुत्रा थोडाच होता’ म्हणून तो घरी जातो. त्याला हे ठाऊक नसते की भर वस्तीत किंवा माणसावर चालून येणारा कोल्हा हाच अधिक संशयास्पद इसम होय. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेथे गिऱ्हाइकाने घोड्याचे दात तपासावे अशी रूढी आहे. क्वचित घोडाही गिऱ्हाइकाला आपले दात हवे तितके बारकाईने दाखवतो. उलट घरात उंदीर चावला तर रेबीजची भीती जवळजवळ नसते, आणि दवाखान्यात सर्वांत मोठा आकांत करीत येतो तो नेमका उंदीर चावलेला मनुष्य.

सर्वांत मौज दहा दिवसांच्या मुदतीची. चावलेले कुत्रे किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिले, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असा शास्त्राचा नियम आहे. लस तत्काळ सुरू करावी, दात खोल गेले असतील किंवा रक्त आले असेल तर जखमेत सीरमही भरून घ्यावे, आणि या सर्वांच्या जोडीला कुत्र्यावर नजर ठेवावी, असा त्याचा पूर्ण अर्थ. लोकांनी त्यातला आधीचा भाग उडवून फक्त नजर ठेवणे उचलले आहे. मग असे होते की ज्याला कुत्रा चावला त्याच्याच घरून त्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी जाते, रविवारी दूध जाते. कुत्र्याने एक वेळ अन्नास तोंड लावले नाही तर घरातली माणसेही जेवत नाहीत. दहाव्या दिवशी कुत्रा चांगला गुबगुबीत झालेला असतो आणि दंशाचा असा मोबदला मिळतो हे ध्यानात ठेवण्याइतकी बुद्धी त्याला ईश्वराने दिलेली आहे.

जनजागृती होत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पाश्चर यांचे निधन १८९५ साली ज्या तारखेस झाले त्या २८ सप्टेंबरला दरवर्षी जागतिक रेबीज दिन पाळतात. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, मुले घोषणा देतात, आणि फेरीच्या मागून दोन-चार कुत्री संचलन करीत जातात. फलक लागतात; त्यांवर रोगाची भीषणता, देशाचे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट आणि मान्यवरांची छायाचित्रे असतात. साबणाच्या वडीचे चित्र असलेच तर ते खाली कोपऱ्यात, जेथे फलकाची दोरी बांधतात तेथे.

आम्हांस विचाराल तर तारखांचाच प्रचार अधिक व्हावा. सरकारी दवाखान्यात त्वचेतील लसीचे दिवस असतात शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. पहिल्या दिवसाला हे लोक शून्य म्हणतात, येथेच आमच्या खेड्यांतील निम्मी माणसे गळतात. जी उरतात ती ‘आता काय, जखम भरली’ म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी फिरकत नाहीत. परंतु कोणाच्या लक्षात कसे आले नाही कोण जाणे, हे दिवस आठवड्याच्या बाजाराशी तंतोतंत जुळतात. बाजाराच्या दिवशी पहिली सुई घेतली तर सातवा दिवस म्हणजे पुढचा बाजार आणि अठ्ठाविसावा म्हणजे पहिल्या सुईच्या बाजारापासून चौथा बाजार. मध्ये तिसऱ्या दिवसाचा काय तो एक हेलपाटा. मिरच्या विकून झाल्या की दंड पुढे करायचा, पिशवीत भाजी भरायची आणि दुपारच्या एस. टी.ने गावी. अप्पांना आम्ही हा हिशेब समजावून दिला तेव्हा त्यांनी तो सरकारी नोकरीच्या शिरस्त्याप्रमाणे दोनदा तपासून पाहिला, बरोबर असल्याचा शेरा मारला, आणि विचारले, ‘बाकी सगळं ठीक आहे, पण त्या मधल्या तिसऱ्या दिवसाचं एस. टी.चं भाडं कोणत्या खाती टाकायचं?’